ड्यूररचं ‘मेलेन्कोलिया’: वस्तूंची यादी बाजूला ठेवून कसं पाहावं

विचारलेले प्रश्न थोडक्यात असे: जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररच्या १५१४ सालच्या ‘मेलेन्कोलिया’ (म्हणजे उदासी) या एनग्रेव्हिंगमधल्या, म्हणजे तांब्यावर कोरून छापलेल्या चित्रातल्या, प्रत्येक वस्तूचा अर्थ काय? त्यात गुप्त संकेत आहे का? इतकं बारीक काम तांब्यावर होतं कसं? आणि इंटरनेटवर ‘ओरिजिनल’ म्हणून जे विकायला असतं ते घ्यावं का?

मी कला-इतिहासकार नाही. तांब्याच्या प्लेटवर कोरणं, छापणं आणि ते शिकवणं हे माझं काम. त्यामुळे उत्तराची सुरुवात प्लेटपासून करतो. अर्थापासून सुरुवात केली की विद्यार्थी वस्तूंपुढे अर्थ लिहिलेली दोन रकान्यांची यादी मागतात, आणि ती मिळाली की चित्राकडे बघायचं थांबतात. अशा याद्या पाठ करून दिलेली उत्तरं मी परीक्षक म्हणून वाचली आहेत. कुत्रा म्हणजे निष्ठा, शिडी म्हणजे प्रगती, तराजू म्हणजे न्याय. यांतलं एकही या चित्राला नीट लागू पडत नाही.

चित्र थोडक्यात असं: पंख असलेली एक बाई हातात कंपास धरून, गालाला मूठ लावून बसली आहे, जवळ एक पंखवालं लहान पोर आणि झोपलेला कुत्रा आहे, आणि भोवती अवजारं पडली आहेत. आधी आकार लक्षात घ्या. हा छाप जेमतेम २४ सेंटीमीटर उंच आणि १९ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा लहान. वर्गात प्रोजेक्टरवर तो भिंतभर दिसतो आणि एखादं भित्तिचित्र असावं असा समज होतो. प्रत्यक्षात तो हातात धरून, उजेडाकडे तिरपा करून, एकट्याने किंवा फार तर एका मित्राबरोबर पाहायचा कागद आहे. चित्रातल्या जादूच्या चौरसातला (कशीही बेरीज केली तरी उत्तर एकच येणारा आकड्यांचा चौरस) एकेक आकडा बोटाच्या नखापेक्षा लहान आहे. हे चित्र दाट का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. ज्याच्या हातात तो कागद जाणार होता, त्याने त्याच्याबरोबर अनेक संध्याकाळी घालवाव्यात अशा हिशेबानेच तो भरलेला आहे.

आता कोरण्याविषयी. ड्यूरर १४७१ मध्ये न्यूरेंबर्गला सोनाराच्या घरी जन्मला. ब्युरिन हे कोरायचं हत्यार त्याच्या हातात आलं ते वडिलांच्या दुकानात. चित्रकार मिखाएल वोल्गेमुटकडे शिकायला तो १४८६ मध्ये गेला, पण धातूवर रेघ ओढायची सवय त्याआधीची. वुडकट, म्हणजे लाकडाच्या ठशावरून छापलेलं चित्र, असेल तर रेखन त्याचं आणि लाकूड कापणारे कारागीर बहुधा दुसरे. तांब्यावर मात्र प्रत्येक रेघ त्याच्या स्वतःच्या हाताची.

ब्युरिन म्हणजे चौकोनी पोलादी सळई, टोक तिरकं घासलेलं, मूठ तळहातात बसेल अशी. ती ओढायची नसते, पुढे ढकलायची असते. पुढे ढकलताना तांब्याचा बारीक कुरळा तुकडा निघतो, आणि रेघेच्या कडेला जी कच उभी राहते ती स्क्रेपरने साफ करावी लागते. जोर वाढवला की रेघ खोल आणि रुंद होते, कमी केला की केसासारखी होऊन विरते. वळणदार रेघ हवी असेल तर हात वळवत नाहीत. प्लेट वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवतात आणि डाव्या हाताने प्लेटच फिरवतात. चित्रात डाव्या बाजूला खाली जो गोल ठेवलेला आहे, त्याच्यावरच्या वक्र रेघा पाहताना हे आठवा. तिथे उजवा हात जवळजवळ स्थिर आहे आणि तांबं त्याच्याखाली फिरतं आहे. मग शाई भरायची, पृष्ठभाग पुसून काढायचा, खाचांत तेवढी राहू द्यायची, आणि ओलसर कागद घालून रोलर प्रेसमधून काढायचा. कागद खाचांत दबतो आणि शाई उचलून आणतो.

यात पांढरा रंग नावाची गोष्टच नसते. जिथे पांढरं दिसतं तिथे फक्त कागद उघडा ठेवलेला असतो. करडा दिसतो तो दोन रेघांमधल्या अंतरामुळे. त्या बाईच्या चेहऱ्याकडे भिंगातून पाहा: चेहरा सावलीत आहे, रेघा एकमेकींना छेदत गेल्या आहेत, आणि त्या अंधारात डोळ्यांचं पांढरं तेवढं राखलेलं आहे. एकदा रेघ गेली की तिथला उजेड गेला, म्हणून त्या दोन ठिपक्यांएवढ्या जागा सबंध कामभर सांभाळाव्या लागल्या असतील. १५२८ मध्ये, ड्यूररच्या मृत्यूच्याच वर्षी, विद्वान लेखक इरॅस्मसने त्याची स्तुती करताना म्हटलं की प्राचीन ग्रीक चित्रकार ॲपेलिसला रंगांची मदत होती, ड्यूररने तेच नुसत्या काळ्या रेघांत केलं. वर आणखी रंग भरायला गेलात तर काम बिघडवाल, असंही तो म्हणतो. हात काळे केलेल्या माणसाला ही स्तुती चोख वाटते.

प्लेटवर सगळं उलटं कोरावं लागतं, ही दुसरी अडचण. छापात त्या बाईच्या उजव्या हातात कंपास आहे आणि डाव्या मुठीवर गाल टेकलेला आहे. म्हणजे तांब्यावर कंपास डाव्या हातात होता. १५१४ हे वर्ष, ‘ए’ आणि ‘डी’ ही त्याची जोडाक्षरी सही, फलकावरची अक्षरं, चौरसातले आकडे, सगळं आरशातल्यासारखं. साधारण १५०० च्या सुमाराच्या एका एनग्रेव्हिंगमध्ये, बोकडावर उलटी बसलेली चेटकीण असलेल्या, त्याच्या सहीतला ‘डी’ उलटाच छापला गेला आहे. आणि ‘मेलेन्कोलिया’च्या सगळ्यात आधीच्या छापांत चौरसातला ९ उलटा आहे. पुढच्या छापांत तो सुलटा झाला. या दोन अवस्थांना प्रिंटच्या भाषेत पहिली आणि दुसरी ‘स्टेट’ म्हणतात. त्याच चौरसात ५ च्या घरातही दुरुस्तीच्या खुणा दिसतात. तांब्यावर खोडणं म्हणजे ती जागा खरवडायची, घोटून गुळगुळीत करायची, खड्डा पडला तर मागून हलके ठोकून पातळी वर आणायची, आणि पुन्हा कोरायचं. या उलट्या नऊवर ‘गूढ संकेत’ म्हणून लिहिलेलं तुमच्या वाचनात येईल. कोणत्याही प्रिंट स्टुडिओत विचारा, पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे चाचणीच्या छापात, उलटा निघालेला आकडा ही तिथली नेहमीची गोष्ट आहे.

आता वस्तूंकडे येऊ. त्यांचे मी तीन ढीग करतो: ज्यांचा अर्थ ड्यूररने स्वतः लिहून ठेवला आहे, ज्यांचा अर्थ त्या काळच्या सर्वसाधारण ज्ञानातून कळतो, आणि ज्यांच्यावर अजून वाद चालू आहे.

पहिला ढीग अगदी छोटा आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्या लहान पंखवाल्या पोराच्या पूर्वरेखाटनाचा कागद आहे, आणि त्यावर ड्यूररने लिहिलं आहे की किल्ली म्हणजे सत्ता आणि थैली म्हणजे संपत्ती. बाईच्या कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा आणि पायाशी आलेली पैशांची थैली यांचा निकाल तिथे लागतो. बाकी कोणत्याही वस्तूबद्दल त्याने असा शब्द ठेवलेला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जो कोणी तुम्हाला छातीठोकपणे अर्थ सांगेल तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या ढिगातून सांगत असेल.

दुसरा ढीग म्हणजे काळं पित्त आणि शनी. युरोपातल्या जुन्या वैद्यकात शरीरात चार रस मानत: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. काळं पित्त वाढलं की माणूस उदास, एकलकोंडा, कंजूष होतो, त्याचा चेहरा काळवंडतो, असा समज. (आपल्या वात-पित्त-कफाशी जोडी लावायचा मोह आवरा, आकडा वेगळा आणि मांडणीही वेगळी.) या रसावर शनीची सत्ता. शनी म्हटल्यावर आपल्याकडे साडेसाती आणि शनिवारचं तेल आठवतं. तिकडेही तो मंद, थंड, त्रास देणारा ग्रहच होता. पण ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या एका जुन्या ग्रीक लेखात प्रश्न आहे की तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य, कला यांत थोर झालेले सगळे लोक या काळ्या पित्ताचेच का असतात. फ्लॉरेन्सच्या मार्सिलिओ फिचिनोने १४८९ मध्ये हा धागा उचलला. तो स्वतः त्याच प्रकृतीचा, वैद्याचा मुलगा. त्याचं म्हणणं, विद्वानाला शनीचा त्रास होतो आणि विद्वत्ताही त्याच्याकडूनच मिळते. म्हणून त्याला गुरू, शुक्र आणि सूर्य यांच्या प्रभावाने सौम्य करायला शिकावं. ड्यूररचा धर्मपिता आंटोन कोबेर्गर न्यूरेंबर्गचा मोठा मुद्रक, जवळचा मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर ग्रीक जाणणारा पंडित. असल्या कल्पना त्याच्या कानावर घरबसल्या येत होत्या.

हे समजलं की बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात. काळवंडलेला चेहरा, आवळलेली मूठ, गालावर हात. संध्याकाळी बाहेर पडणारं वटवाघळासारखं जनावर, ज्याने स्वतःच नावाचा फलक पसरून धरला आहे. हाडं दिसणारा झोपलेला कुत्रा. डोक्यावर पाणथळ जागी उगवणाऱ्या वनस्पतींची माळ, कारण काळं पित्त कोरडं आणि त्यावर उतारा ओला. आणि जादूचा चौरस, ज्यावर थोडं थांबायला हवं.

चार गुणिले चारचा चौरस ग्रहांच्या यादीत गुरूचा मानला जाई. शनीचा तीन गुणिले तीनचा. म्हणजे शनीच्या बाईच्या डोक्याजवळच गुरूचा ताईत टांगला आहे, असा अर्थ निघतो, आणि तो फिचिनोच्या सल्ल्याशी जुळतो. चौरस असा आहे: पहिली ओळ १६, ३, २, १३, दुसरी ५, १०, ११, ८, तिसरी ९, ६, ७, १२, चौथी ४, १५, १४, १. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, ३४. चार कोपरे ३४, मधली चार घरं ३४, चारही चतुर्थांश ३४. केंद्राच्या आरपार समोरासमोरच्या कोणत्याही दोन घरांची बेरीज १७.

हा चौरस घरी करून पाहा. एक ते सोळा क्रमाने लिहा. कर्णांवरचा प्रत्येक आकडा १७ मधून वजा करून त्याच जागी मांडा, बाकीचे तसेच ठेवा. चौरस तयार होतो, पण शेवटच्या ओळीत मध्ये येतं १४, १५. आता मधले दोन उभे रकाने एकमेकांच्या जागी ठेवा: बेरजा टिकतात आणि तळाशी येतं १५, १४. चित्राचं साल. त्याच्या दोन बाजूंना ४ आणि १, म्हणजे वर्णमालेत ‘डी’ आणि ‘ए’. हे दुसरं मी योगायोगही मानायला तयार आहे, साल मात्र नाही. आपल्याकडे खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला ३४ बेरजेचा ‘चौतिसा’ यापेक्षा कितीतरी जुना आहे आणि गणित म्हणून अधिक कडक आहे, कारण त्यात तुटक कर्णांची (एका कडेला संपून समोरच्या कडेने पुढे चालू होणाऱ्या तिरप्या ओळींची) बेरीजही ३४ येते. ड्यूररच्या चौरसात ती येत नाही. दोघांचा थेट संबंध दाखवणारा पुरावा नाही, तेव्हा ‘ड्यूररने भारतातून घेतला’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका.

तिसऱ्या ढिगात सगळ्यात वर तो मोठा दगडी बहुफलक. सहा पंचकोन आणि दोन त्रिकोण, म्हणजे तिरका घन घेऊन त्याची दोन समोरासमोरची टोकं छाटलेली. त्याच्या कोनांवर गणितज्ञ आजही भांडतात. ड्रेस्डेनमधल्या ड्यूररच्या वहीत त्याचं रेखाटन आहे, एवढं नक्की. एका पृष्ठावर पुसट चेहरा किंवा कवटी दिसते असं अनेकांचं म्हणणं, आणि चांगल्या छापात काहीतरी दिसतं हे मलाही मान्य आहे. त्यापलीकडे या दगडावर मी वेळ घालवत नाही.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते इथून पुढे. वस्तू कोणत्या, यापेक्षा त्या कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहा. कंपास उघडा आहे, हातात आहे, पण त्याखाली कागद नाही. मांडीवरचं पुस्तक मिटलेलं आहे. करवत झग्याच्या घोळाजवळ पायाशी पडली आहे, पकड अर्धी झग्याखाली गेली आहे. रंधा, पट्टी, खिळे जमिनीवर विखुरलेले. तराजूची दोन्ही पारडी रिकामी, आणि म्हणूनच सरळ. वाळूच्या घड्याळात वर-खाली वाळू साधारण सारखी. मूस विस्तवावर आहे, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. घंटेची दोरी चित्राच्या चौकटीबाहेर जाते, म्हणजे ती वाजवणं आत बसलेल्या कुणाच्याच हातात नाही. शिडी इमारतीला लावलेली आहे, पण ती इमारत पुरी झाली आहे की अर्धवट, आणि शिडी जाते कुठे, हे चौकटीने कापून टाकलं आहे. आणि ती बाई, भक्कम हाडापेराची, पंख असलेली, बसून आहे. एकच जण कामात आहे: जात्याच्या दगडावर बसलेलं पोर, पाटीवर काहीतरी गिरगटणारं, आणि त्याला अजून काही येत नाही.

कोणतंही काम करणाऱ्या माणसाला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. हत्यारं आहेत, धार आहे, ज्ञान आहे, वेळही आहे, फक्त पुढची रेघ कुठे ओढायची ते सुचत नाही. इटलीत कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने १५६८ मध्ये या चित्राबद्दल लिहिताना म्हटलं की माणसाला, आणि ती वापरणाऱ्या कुणालाही, उदास करणारी सगळी अवजारं इथे आहेत. इतिहासकार हे वाक्य थोडं बाजूला सारतात. मला ते या चित्रावरचं सगळ्यात नेमकं वाक्य वाटतं. तो स्वतः चित्रकार होता.

ही अवजारं मोजमापाची आणि बांधकामाची आहेत, हेही मुद्दाम. ड्यूररने आयुष्याची कितीतरी वर्षं सौंदर्याचं प्रमाण कंपास-पट्टीने सापडतं का हे शोधण्यात घालवली; १५२५ मध्ये मोजमापावरचा ग्रंथ काढला, मानवी प्रमाणांवरचा त्याच्या मृत्यूनंतर १५२८ मध्ये आला. आणि ‘मेलेन्कोलिया’च्या सुमारे दोन वर्षं आधीच्या टिपणांत त्यानेच कबूल केलं आहे की सौंदर्य म्हणजे काय ते मला माहीत नाही. एवढं सगळं मोजता येतं आणि हवं ते मोजता येत नाही. कंपास धरलेला तो हात मी असा वाचतो.

हे वाचन पटत नसेल तर एक साधी तपासणी आहे. त्याच १५१४ सालातलं त्याचं दुसरं एनग्रेव्हिंग, अभ्यासिकेतला संत जेरोम, शेजारी ठेवा. १५१३ चा घोड्यावरचा शूर आणि ही दोन मिळून त्याच्या तीन श्रेष्ठ प्लेट्स मानल्या जातात, आकारही जवळजवळ सारखा. १५२०-२१ मध्ये ड्यूरर नेदरलँड्सला गेला तेव्हा बरोबर छाप नेले होते, आणि त्याच्या प्रवासाच्या नोंदींत जेरोम आणि मेलेन्कोलिया कितीदा तरी एकत्र दिल्याचं लिहिलेलं आहे. देणाऱ्यानेच जोडी लावलेली आहे. जेरोमच्या खोलीतही वाळूचं घड्याळ आहे, कुत्रा आहे, खिडकीच्या कट्ट्यावर कवटी आहे. पण तिथे काचेच्या चकत्यांतून ऊन आत येऊन भिंतीवर पडलं आहे, सपाता बाकाखाली ठेवल्या आहेत, पत्रं आणि कात्री भिंतीवर अडकवली आहेत, कुत्र्याशेजारी सिंह पेंगतो आहे, आणि म्हातारा मान खाली घालून लिहितो आहे. सगळ्या वस्तू जागच्या जागी. कोरण्याची पद्धतही बदलते: जेरोमच्या खोलीत रेघा यथादर्शनाच्या (जवळ-दूरचं अंतर दाखवणाऱ्या मांडणीच्या) आज्ञेत, समांतर, शांत, मेलेन्कोलियात प्रत्येक पृष्ठभागाची रेघ वेगळी, पिसांची, लाकडाची, दगडाची, रेशमाची, आणि नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर भरकटत राहते. कुत्रा आणि वाळूचं घड्याळ दोन्हीकडे असूनही चित्रांचा अर्थ उलट निघतो. दोन रकान्यांची यादी इथे कोलमडते.

फलकावरच्या नावापुढे जो एकाचा रोमन आकडा आहे त्याबद्दल दोन शब्द. चार प्रकृतींच्या मालिकेतला हा पहिला, असं एक मत. पुढचे तीन कधी निघाले नाहीत. कला-इतिहासकार एर्विन पानोफ्स्की आणि फ्रिट्स साक्सल यांनी १९२३ मध्ये दुसरं मत मांडलं आणि ते अभ्यासक्रमांत रुजलं. आग्रिप्पा या जर्मन विद्वानाच्या १५१० च्या हस्तलिखितात उदासीचे तीन टप्पे आहेत: कल्पनाशक्तीचा, ज्यात चित्रकार आणि कारागीर येतात, बुद्धीचा, आणि त्याहून वरचा आत्मिक. म्हणून ‘एक’ म्हणजे पहिली, कलावंताची पायरी. परीक्षेत हेच लिहा, कारण त्याने बाकीचं चित्र खरोखर उलगडतं. पण ते हस्तलिखित ड्यूररने वाचल्याचा लेखी पुरावा नाही हेही जोडा. अलीकडे कला-इतिहासकार मिचेल मर्बॅक यांनी मांडलं आहे की हे चित्र उदासीचं वर्णन नसून तिच्यावरचा उपचार म्हणून केलेलं असावं: अस्वस्थ मनाने याच्यात गुंतावं आणि सावरावं. छोटा आकार आणि न संपणारा तपशील पाहता मला यात दम वाटतो.

त्याची आई बार्बरा मे १५१४ मध्ये वारली, म्हणून हे शोकचित्र, असंही वाचायला मिळेल. शोक खरा होता. तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्याने स्वतः लिहिलं आहे आणि मृत्यूच्या थोडं आधी काढलेलं तिचं कोळशाचं रेखाटन पाहवत नाही इतकं थेट आहे. पण चित्रातली कोणतीही गोष्ट त्या मृत्यूकडे बोट दाखवत नाही. त्यापेक्षा ब्रेमेनचं एक छोटं रेखाटन अधिक बोलकं आहे: ड्यूरर उघड्या अंगाने उभा, पोटाच्या डाव्या बाजूला एका पिवळ्या डागावर बोट ठेवून, आणि वर लिहिलेलं की बोट आहे तिथे मला दुखतं. बहुधा वैद्याला पाठवण्यासाठी केलेलं. ती जागा प्लीहेची, म्हणजे पाणथरीची, आणि काळ्या पित्ताचं घर तेच मानलं जाई.

गुप्त संकेताबद्दलचं उत्तर यातच आलं. साल लपवण्याची गंमत आहे, ती सापडली. एका किल्लीने सगळं उघडेल असं कुलूप इथे नाही.

आता खरेदी. ‘ओरिजिनल ड्यूरर’ म्हणून जे साइटवर दिसतं ते बहुतेक वेळा छापील चित्र असतं. भिंगातून पाहा: ऑफसेटचे ठिपके दिसले तर पोस्टर. ठिपके नाहीत, सलग काळ्या रेघा आहेत, बोट फिरवलं तर शाई किंचित उठून लागते आणि चित्राभोवती प्लेटच्या दाबाची खूण आहे, एवढ्यावरही भुलू नका. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आमाँ-द्युराँने फोटोच्या साहाय्याने प्लेट्स करून ड्यूररच्या उत्तम प्रतिकृती छापल्या. त्या खऱ्या तांब्यावरून छापलेल्या, दाबाच्या खुणेसकट आहेत. बऱ्याच प्रतींच्या मागे त्याचा लाल शिक्का असतो, अर्थात कुणी तो खरवडला नसेल तर. त्याआधी १६०२ मध्ये योहान विरिक्सने हाताने कोरलेली हुबेहूब नक्कल आहे, तीही आज संग्रहालयांत जपलेली आहे. शिवाय खऱ्या प्लेटचे छापही सारखे नसतात. तांबं झिजतं, काही शेकडा छापांनंतर बारीक रेघा आधी जातात, सावल्या करड्या पडतात, चेहऱ्यावरचा अंधार उडतो आणि त्याबरोबर चित्रही.

विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: कागदाच्या मागच्या बाजूचा फोटो, उजेडासमोर धरून कागदातल्या जलचिन्हाचा (कागद बनवतानाच त्यात उमटलेल्या खुणेचा) फोटो, आणि चौरसातल्या नवाचा जवळून फोटो. टाळाटाळ झाली तर पुढे बोलू नका. तिन्ही मिळाले तरी पैसे देण्याआधी जुन्या प्रिंट्सचा अनुभव असलेल्या माणसाला कागद प्रत्यक्ष दाखवा, स्क्रीनवर नाही.

अभ्यासासाठी मात्र यातलं काहीच लागत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर मोठ्या रिझोल्यूशनची प्रतिमा फुकट उतरवता येते. ती बरोबर २४ सेंटीमीटर उंचीची, चकचकीत नसलेल्या कागदावर छापून घ्या. दुकानदार पानभर मोठी करून देतो म्हणेल, त्याला नको म्हणा. जेरोमही त्याच मापाचा काढा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पहिल्या दिवशी फक्त एवढं करा: दोन्ही चित्रांतला कुत्रा शोधा आणि त्याची फर कोणत्या दिशेच्या रेघांनी केली आहे ते पेन्सिलने उतरवून काढा.